बिरोबाच्या साक्षीनं बदललेलं रान

मुलांनो, समजा, आपण जमीन नोंदणीच्या कचेरीबाहेर बसलोय. शेजारी हरणाबाई आणि तिची नात स्वप्नाली. समोर जमीन विकायला आलेला राजवर्धन, त्याच्याजवळ खरेदीदार. ऐका.

“राजवर्धन, तुझ्या आज्यानं आन् माझ्या सासऱ्यानं बिरोबाचा भंडारा उचलून, शपथ घिऊन रानं बदलली. तवापास्नं तू इकाया काढलेलं हे रान आमीच कसतोय.”

“आवं आजी, सातबाऱ्यावर आमचंच नाव हाय.”

“तुमी कसत हुता ते आमच्या नावावर हुतं. कालव्यात गेलं, तवा आमाला आलेला सरकारी मोबदला तुझ्या बापाच्या हातात ठेवला का न्हाई?”

“ठेवला. पर अदलाबदल कागदावर कुठं हाय?”

“भंडारा उचलल्यावर कागद कोण मागतं रं?”

“मग बिरोबालाच सांगा नोंद करायला.”

आतून राजवर्धनच्या नावाचा पुकारा झाला. स्वप्नाली खरेदीदारासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काका, त्या रानात आमचा शाळू हुरड्याला आलाय.”