बांधावरच्या जांभळाचा मालक

वाईहून पाचगणीला निघालेल्या एसटीत अंकिता तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसली होती. मांडीवर तिच्या जॅम कंपनीचा फॉर्म होता. पुढच्या सीटवर कालच भेटलेले नाथाजी आणि त्यांचे शेतशेजारी दिलावर रंगात आले होते. मागं कोण बसलंय, याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

“काल कंपनीची पोरगी आलती, दिलावर. बांधावरच्या जांभळाची किंमत काढली.”

“लाकडाची?”

“न्हाई रं, त्यावरच्या मोहोळाची. माश्या हायत म्हणून आपल्या स्ट्रॉबेरीला फळ धरतंय. त्या गेल्या तर पराग लावाया बायका लावून फुलाफुलावर कुंचला फिरवायला लागंल. त्या बायकांची जेवढी मजुरी, तेवढी माश्यांची किंमत.”

“आन च्या धरला का न्हाई? बायका दोनदा च्या घेत्यात.”

“त्येच म्हणलं मी. तिनं लगीच लिवून घेतलं.”

“त्ये ऱ्हाऊ दे. सावली माझ्या वाफ्यावर पडती गड्या. औंदा तरी मला त्ये झाड तोडू दे.”

“तोड की. फकस्त फॉर्मात लिवलंय, झाड मालकानं राखायचं.”

“मालक तू. तुझं तू राख.”

“मी तुझं नाव सांगितलंय.”

“माझं? धा वर्सं तर माझं-माझं म्हणून भांडतुयास!”

“आता तुझं म्हणतोय. सही तेवढी राहिलीया.”

“आन जांभळं?”

“ती बी तुझीच.”

घाटाची दोन वळणं गेली.

“मग नाथा, आत्ताच सांगतो. पोरास्नी त्याला दगडं मारू देणार न्हाई मी.”

अंकितानं स्कार्फ सोडला आणि दोन सीटांच्या फटीतून पेन पुढं केलं.