मथुराबाईंचा फोन

हॅलो?… कोण?… आई! अगं, तू? आज कसा फोन? आज मंगळवार, कोर्टानं आपल्याला रविवार दिलाय… ओरडत नाहीये गं, आनंद झालाय. श्याम कुठाय?… गाडी धुवायला खाली? मग बोल निवांत. वरातीचा घोडा धुवावा तशी धुतो तो गाडी.

जेवलीस?… पुलाव? कालचा? आणि भाकरी?… नाही, नावं नाही ठेवत. वहिनी चांगलं करते तुझं. चांगलंच करते. मीच आपली इथे रोज सकाळी दोन कप चहा टाकते, आणि मग एक ओतून देते… वेडी तर वेडी.

अगं ऐक ना… हो, हो… आधी ऐक! परवा तारीख आहे. जजबाई तुला परत आत बोलावून विचारणार, कोणाकडे राहायचंय. मागच्या वेळी काय सांगितलंस?… "मुलगा असताना लेकीकडे कशी राहू." वा!… हो, माहितेय मला रीत. नातू होईपर्यंत बाबा माझ्याकडे पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पण बाबा गेल्यापासून तू माझ्याकडेच होतीस ना? तेव्हा कुठे गेली होती रीत?… पाहुणी म्हणून? इतकी वर्षं पाहुणी? धन्य आहे!

दिवाळीला चार दिवस म्हणून श्यामनं तुला विश्रांतवाडीला नेलं. मी न्यायला आले, तर दारातूनच परत पाठवलं मला. म्हणून गेले कोर्टात, हौस नव्हती. आणि तू तिथे हळदीकुंकवाला आल्यासारखी गोड बोलून आलीस… त्याला वाईट वाटेल. बरं. आणि मला?

… नाही गं, सर्दी झालीय… बरं, रडतेय. रडतेय मी. मला तू हवीयस घरात. तुझी कुरकुरसुद्धा हवीय. तुझी खाट खिडकीशी तशीच आहे, कुणाला बसू देत नाही तिच्यावर. तुला काय वाटतं ते सांग ना एकदा. जजबाईंना नको, मला सांग… गप्प का झालीस? आई?

काय?… कोण मथुराबाई? अगं, मी सरोज… अं… श्याम आला का वर?

हं… हो हो, मथुराबाईच बोलतेय. सरोजच्या शेजारची. नमस्कार कुसुमताई, गुडघा काय म्हणतोय?… मी मजेत. सरोज ना? भेटते की जिन्यात… वाळलीय जरा… नाही हो, जेवते. जेवते वेळेवर… सांगते, डोक्याला तेल लाव म्हणून सांगते तिला…

कुसुमताई, परवा काय सांगणार हो कोर्टात?… अहो, सांगा की. मी परकी बाई, माझ्यापाशी कसली रीत?… काय?… ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं…

"मला माझ्या लेकीकडे जायचंय, मथुराबाई."

… श्याम आहे ना तिथेच?… असू दे. ऐकू दे. अहो, हेच सांगा परवा. अगदी असंच, माझ्याशी बोलताय असं समजून… कोण ओढतंय फोन?… श्याम? श्याम, थांब, ठेवू नकोस, तिला एकदा… हॅलो?… हॅलो?…

आई?… ऐकलं गं मी. ऐकलं.