सोळा इंची आहेर

आजच्या सभेच्या अध्यक्षा माननीय शोभाताई, व्यासपीठावरील आदरणीय पाहुणे, गीताध्यायी मंडळाचे चिटणीस चिरंजीव अंकुश, आणि इतकी वर्षे माझे निरूपण सोसणारे श्रोतेजनहो, आपणां सर्वांस सविनय वंदन.

निरोप घेणाऱ्याने गोड बोलावे, असा संकेत आहे. तो पाळावा की खरे बोलावे, या पेचात मी दसऱ्यापासून अडकलो आहे.

आम्ही उभयता उद्या कन्येकडे, भैरवीकडे, काटोलला राहायला जात आहोत. सौभाग्यवती प्रेमलतांच्या मणक्याचे उपचार इथेच, धंतोलीत चालतात. तेव्हा आमची जुनी गाडी दर आठवड्याला ये-जा करणार. हे जाणून आपण मला आहेर केलात. दसऱ्याला अंकुशने "पूजेसाठी गाडी धुऊन आणतो" म्हणून किल्ली नेली, आणि गाडी परतली ती सोळा इंची अलॉय चाकांवर. हार घातलेला, नारळ वाढवलेला, प्रत्येक चाकाला हळदकुंकू. मी म्हणालो, "अरे, आपली चौदा इंची होती ना?" तर म्हणतो, "गुरुजी, पाहा तर खरं, गाडी कशी उठून दिसून राहिली."

दिसत होती, यात संशय नाही. परंतु चाक वाढवले तरी त्यावरचे टायर पूर्वीइतकेच उंच घेतले होते. वळताना ते गाडीच्या अंगाला घासत, आणि काटा खऱ्याहून कमी वेग दाखवी. मग अंकुशने दुकानदाराशी बसून नीट मेळ घातला. चाक जितके वाढते, तितकी टायरची भिंत, त्याची रबरी बाजू, आखूड हवी, म्हणजे जमिनीपासूनची एकूण उंची होती तीच राहते. पूर्वीचा टायर एकशे पासष्ट-ऐंशी. आता आला एकशे पंचाण्णव-पंचावन्न. यात पहिला आकडा रुंदीचा, आणि दुसरा सांगतो की भिंत त्या रुंदीच्या किती टक्के. घासणे थांबले. निवड अगदी बिनचूक होती.

मग अडचण कुठे राहिली? सज्जनहो, खड्ड्याचा धक्का पोटात घेते ती हीच भिंत. ती इंचभर उणी झाली, आणि तो इंच सौभाग्यवतींच्या पाठीने भरून काढला. सामान पोचवायला काटोलला गेलो, तेव्हा दर खड्ड्याला त्या हातांवर अंग उचलून धरत होत्या. दारात त्यांना भैरवीने आणि शेजारणीने धरून उतरवले. भैरवी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही चाकांचा मान ठेवा. आईच्या मणक्याचं मी बघते." आणि काल रात्री सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, गाडी फार शोभिवंत झाली आहे. परवा तुम्ही तिच्यातून या. मी एसटीने येते."

आपण म्हणाल, मग चाके बदलली का नाहीत? कशी बदलणार? पूजलेली वस्तू परत करू नये, हे याच सभागृहात मीच आपणांस शिकवत आलो. आमची जुनी चाके दुकानात जपून ठेवलेली आहेत, हे कळल्यावर मी अंकुशला आडून विचारून पाहिले. तो हात जोडून म्हणाला, "पूजा झाली नं गुरुजी. तुम्हीच तर सांगता. आता मले पापात काहून टाकता?" माझ्याच वचनाने मला कोंडले होते.

परंतु मूर्तीलाही आपण निरोप देतोच ना? उत्तरपूजा झाली की देवत्व स्वस्थानी जाते आणि उरते ती माती. आज पहाटे स्नान करून मी अंगणात बसलो. चारही चाकांना गंध लावले, अक्षता वाहिल्या, आणि त्यांतील देवतेस विनम्रपणे निरोप दिला. आता ती केवळ चाके आहेत. अंकुश, तुला कोणतेही पाप लागणार नाही. लागलेच, तर ते माझे. ही गाडीची किल्ली मी शोभाताईंच्या समोर ठेवतो. दुकान अद्याप उघडे असेल.

आपण दिलेल्या प्रेमाबद्दल मी कृतज्ञ आहे. कुणाचे मन दुखावले असेल, बोलण्यात अधिकउणे झाले असेल, तर ते या वृद्धाचे म्हणून पोटात घालावे. आणखी बोललो असतो. परंतु सौभाग्यवती शेवटच्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांना फार वेळ बसवत नाही.