हिरवा दिवा

एक्स-रेच्या खोलीबाहेर बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“बाबा वर्कशॉपमध्ये पडले कधी?”

“सकाळीच. मला दुपारी दिसले.”

“त्यांचं लेथ मशीन तू मोबाईलला जोडलं होतंस ना?”

“हो. सुरू झालं की माझ्याकडे हिरवा दिवा लागतो. बाबा आल्या आल्या काम नसतानाही मशीन फिरवायचे. मी खेकसलो, उगाच वीज का जाळता म्हणून.”

“अरे, मला म्हणायचे, पोरगा इकडे फिरकत नाही, निदान दिवा बघून कळेल त्याला, म्हातारा पोचला.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“मग आज दिवा लागला नाही, तर चुकल्यासारखं नाही वाटलं?”

“कसं वाटणार, ताई? मी खेकसल्यापासून तो लागतच नव्हता.”

शिंपीणबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला आणि मुलाला नुसताच मिस्ड कॉल दिला.