टेलरकाकांचं न थांबणारं मशीन

...आणि वर आमचे सर म्हणतात, "इंटर्नशिपचं सोनं करा!" अहो, कसलं सोनं? फिजिओथेरपीची बाकीची पोरं हॉस्पिटलात जातात, पाठी शेकतात, गुडघे वाकवतात, सर्टिफिकेट घेऊन घरी येतात. मला काय मिळालं? टेलरकाका! उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला, आणि दुखतो कुठला? तोच! नसलेला!

तुम्हाला सांगतो, पहिल्याच दिवशी मी त्यांच्या पलंगावर जरा टेकलो, तर ओरडले, "अरे, पायावर बसलास की माझ्या!" मी ताडकन उठलो आणि... सॉरी म्हणालो हो! रिकाम्या चादरीला!

काका म्हणायचे, "जन्मभर पायानं मशीन मारलं रे. पाय गेला, पण मशीन काही थांबत नाही. खटखट, खटखट... पेटके येतात तळव्याला." झोप नाही, आणि नकली पाय पुढे केला की तोंड फिरवायचे. त्यांची मुलगी मला दाराशी गाठायची, "बाबा चालतील ना हो, डॉक्टर?" डॉक्टर! मला!

सर म्हणाले, "आरसा लावा. इंटर्नशिपचं सोनं करा!" म्हणजे काय, दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, चांगला पाय हलवायचा, आरशात वाटतं, गेलेलाच परत आलाय! काका ढसाढसा रडले, आणि आरसा धरून मीही! मग रोज समोर बसून, त्यांना दाखवायला माझा पाय हलवत, "काका, हळू... अजून हळू... आता थांबवा मशीन." आणि एका दुपारी थांबलं हो! खरंच थांबलं! काका गाढ झोपले. पुढे नकली पाय लावून, मुलीचा हात धरून, टुकूटुकू घरी गेले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

झालं ना इंटर्नशिपचं सोनं? थांबा! त्या दिवसापासून माझा उजवा पाय... खटखट, खटखट! जेवताना, बसमध्ये, परीक्षेत! आई ओरडते, "अरे, ताट हलतंय, पाय आवर मेल्या!" आवरू कसा? कुणाचा आहे ते तरी कळू दे! हसू नका हो, मला खरंच भीती वाटते. शेवटी सरांकडे गेलो. सरांनी वाकून माझा पाय दाबून बघितला, चेहराच उतरला त्यांचा. हळूच म्हणाले, "आरसा लावून बघ."

अहो सर, पण मला दोन्ही पाय आहेत... आरसा लावू कुठे?