बिनसाखरेची बाटली

सन दोन हजार चोवीसचा वैशाख. पाचोऱ्याच्या एसटी स्टँडवर मला उन्हाची भोवळ आली. बाकावर शेजारी एक अनोळखी मास्तर बसले होते, मांडीवर शाळेच्या पेपरांचा गठ्ठा. त्यांनी मला सावरलं आणि आपली निळ्या पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली. घामातून गेलेले क्षार त्याने भरून येतात, म्हणाले. मी अर्धी बाटली प्यालो. डोकं ताळ्यावर आलं, पण मनाला लागलं. सत्तर वर्षांत परक्याचं फुकट काही प्यालो नव्हतो.

"भलतं गोड शे हाई," मी म्हणालो.

"आबा, यात साखरेचा कण नाही. म्हणून तर मुद्दाम ही महागाची घेतो."

"साखर नही, मंग गोड कशी शे? माले इंग्रजी येत नही. तुम्ही वाचा."

मास्तरांनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. मीठ निघालं, रंग निघाला. मग एक ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"कृत्रिम गोडी आहे," हळूच म्हणाले.

"कधीपासून पिता?"

"दोन उन्हाळे झाले."

"आन तुम्ही पोरेस्ले वाचाले शिकाडतस."

मास्तर पोट धरून हसले. मी त्यांना समोरच्या सरबताच्या गाडीवर नेलं. माठातलं पाणी, डोळ्यांसमोर पिळलेलं लिंबू, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. रंग नको म्हणून बजावलं.

मास्तरांनी ग्लास रिकामा केला आणि खिशात हात घातला. मी तो हात धरला आणि पैसे दिले.

फिटलं.