चौदा मिनिटं बाकी

(डायलिसिस विभागातली एका खाटेची वेगळी खोली. सोमवार, सकाळचे सात. लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले मिस्त्रीकाका खाटेवर आहेत. त्यांच्या डाव्या हातात दुसरी सुई जाते आहे.)

मिस्त्री : शनिवारची यादी आली का?

तंत्रज्ञ : हात हलवू नका. आली.

मिस्त्री : मग वाच की.

तंत्रज्ञ : आधी सुई बसू दे. यादी ऐकताना तुम्ही मूठ वळता. मागच्या महिन्यात शीर फुगली होती, आठवतंय ना? हं, झालं. आता पट्टी लावते.

मिस्त्री : किती गाणी वाजवली?

तंत्रज्ञ : सोळा.

मिस्त्री : दौरा सुरू झाला तेव्हा एकोणीस होती.

तंत्रज्ञ : दौरा सुरू झाला तेव्हा तुमचा म्हातारा उभा राहून गात होता. आता सहाव्या गाण्यापासून स्टुलावर बसतो.

मिस्त्री : रॉक गाणारा माणूस आणि स्टुलावर. माझी आई असं बसून शेंगा सोलायची.

तंत्रज्ञ : चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो. तुम्ही बासष्टचे आहात आणि दार ते खाट चालताना दोनदा थांबलात.

मिस्त्री : मी तिकिटं लावत नाही ना चालण्याची. सोळातली नवी किती?

तंत्रज्ञ : पाच.

मिस्त्री : पाच. नवीन गाणं लागलं की अर्धं मैदान बाथरूमला जातं.

तंत्रज्ञ : तुम्हाला तर तेही निमित्त नाही. किडनी बंद पडल्यापासून, दोन वर्षांत, लघवीला गेलाच नाहीत.

मिस्त्री : बरोबर आहे. मला बसून ऐकावीच लागतील.

तंत्रज्ञ : ऐका की. मी त्याला त्याच गाण्यांतून ओळखते. आवाज तडकला आहे, वरच्या पट्टीला जात नाही, आणि तो ते लपवत नाही. तुमच्या जुन्या रेकॉर्डवरचा माणूस मला कधी खरा वाटलाच नाही. सगळं येतं त्याला.

मिस्त्री : सगळं येत होतं, बाई, म्हणून तर ऐकत होतो. शिवाय चौघं होते. आता मूळच्यातले उरले दोन. हा आणि बेस वाजवणारी. ड्रमवर कोण ते दर महिन्याला बदलतं. आणि गिटारवरच्या डावखुऱ्याच्या जागी कोण, तर याचा जावई.

तंत्रज्ञ : जावई असला म्हणून काय झालं? वाजवतो चांगला.

मिस्त्री : सासऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसावं तसा उभा असतो. डावखुरा गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याच्याच जागी उभं राहायचं, त्याचेच सूर वाजवायचे, त्याच्याच वाट्याच्या टाळ्या घ्यायच्या. लाज कशी वाटत नाही?

तंत्रज्ञ : मग काय करायचं होतं? ती जागा रिकामी ठेवून गायचं?

मिस्त्री : हो. रिकामी ठेवायची. लोकांना दिसलं पाहिजे की इथे एक माणूस होता.

तंत्रज्ञ : आणि गाण्यातला त्याचा भाग?

मिस्त्री : तेवढा वेळ गप्प बसायचं.

तंत्रज्ञ : सोळा गाण्यांत मिळून चाळीस मिनिटं शांतता. लोक पैसे परत मागतील. थंडी वाजतेय का? पांघरूण देऊ?

मिस्त्री : नको. ‘अठरा मिनिटं’ हे गाणं वाजवलं का, ते सांग.

तंत्रज्ञ : नाही.

मिस्त्री : नाही?

तंत्रज्ञ : यादीत नाही. काढून टाकलं बहुतेक. एवढं लांब गाणं, त्याला झेपत नसेल.

मिस्त्री : तीस वर्षांनी या दौऱ्यात पहिल्यांदा घेतलं त्याने ते. आणि सातव्या कार्यक्रमात काढून टाकलं?

तंत्रज्ञ : आता काय सांगू मी? मी थोडीच ठरवते?

मिस्त्री : बुधवारी माझ्याकडे तिकीट आहे.

तंत्रज्ञ : माहीत आहे. काल काकूंचा फोन आला होता.

मिस्त्री : कशाला केला तिने?

तंत्रज्ञ : रडायला. आगगाडीने सात तास जायचं, सात तास यायचं, आणि मधे बुधवारचं डायलिसिस चुकवायचं. मला म्हणाल्या, तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा.

मिस्त्री : मग सांग.

तंत्रज्ञ : आज आलात तेव्हा ठरलेल्या वजनापेक्षा तीन किलो आठशे जास्त होतात. शुक्रवार ते सोमवार, तीन दिवसांत. ते सगळं पाणी आहे, काका, जेवणाचं वजन नाही. बुधवार चुकवलात तर सोमवार ते शुक्रवार चार दिवस होतात. चौथ्या दिवशी पाणी छातीत चढतं. आणि पोटॅशियम वाढलं तर ते सांगून सवरून येत नाही. हृदय चालतं चालतं आणि थांबतं.

मिस्त्री : पाणी मी कमी पिईन.

तंत्रज्ञ : दर शुक्रवारी म्हणता.

मिस्त्री : हे बघ, लिफ्टला सहा दोर असतात. एक तुटला तरी डबा पडत नाही. मी आयुष्यभर तेच काम केलंय.

तंत्रज्ञ : तुमचे पाच आधीच तुटलेत. सहाव्याचं टोक मी हातात धरून बसलेय, आठवड्यातून तीनदा.

मिस्त्री : बोलतेस चांगलं.

तंत्रज्ञ : तिकीट काढलंत तेव्हा वार बघितला नाही का?

मिस्त्री : सहा महिन्यांपूर्वी काढलं. म्हटलं तोवर किडनी मिळेल, नाहीतर मी मरेन. दोन्हीकडून बुधवार मोकळाच. दोन्ही झालं नाही.

तंत्रज्ञ : तिथल्या गावात एका दिवसासाठी कुठे होतंय का, विचारलंत?

मिस्त्री : दोन ठिकाणी. मला ती रक्तातून पसरणारी कावीळ आहे म्हटल्यावर दोघांनीही फोन ठेवला. आमच्यासारख्यांना वेगळं मशीन लागतं, ते त्यांच्याकडे नाही. इथेही एकच आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझं. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्या दुसऱ्याचं. त्यालाच विचारून बघावं म्हटलं, या आठवड्यापुरती अदलाबदल करतोस का.

तंत्रज्ञ : ते राहू द्या. गाणंच नाहीये यादीत. सात तास जाऊन पाच नवी गाणी ऐकणार? तीही त्या जावयाच्या गिटारवर?

मिस्त्री : हा कागद घे.

तंत्रज्ञ : कसला?

मिस्त्री : खिशात होता. सुनेने गाडीत बसल्या बसल्या फोनवर बघून उतरवून दिलाय. शनिवारची यादी. सातवं वाच.

तंत्रज्ञ : काका...

मिस्त्री : वाच. माझा चष्मा नाहीये.

तंत्रज्ञ : अठरा मिनिटं.

मिस्त्री : पुढे तिने कंसात काय लिहिलंय?

तंत्रज्ञ : पूर्ण वाजवलं.

मिस्त्री : दोन वर्षं तू मला याद्या वाचून दाखवतेस. मला कधी वाटलं नाही की दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावी. आजही पडताळायला नव्हती आणली. तुला आनंद होईल म्हणून आणली होती.

तंत्रज्ञ : चुकलं माझं.

मिस्त्री : साखर लपवतात तसं गाणं लपवलंस. मी लहान मूल आहे का?

तंत्रज्ञ : नाही.

मिस्त्री : मी वीस वर्षांचा होतो. मैदानाच्या भिंतीवर बसून ऐकत होतो, तिकिटाला पैसे कुठले. अठरा मिनिटं सुरू झालं आणि चौथ्या मिनिटाला वीज गेली. ती आलीच नाही. डावखुरा अंधारात थोडा वेळ नुसत्या तारा खाजवत होता, ऐकूसुद्धा येत नव्हतं. मग लोक घरी गेले. म्हणजे माझी चौदा मिनिटं बाकी आहेत. बेचाळीस वर्षं. रेकॉर्ड शंभरदा ऐकली असेल, ते मोजत नाही मी. आणि तू म्हणतेस, काढून टाकलं.

तंत्रज्ञ : मागे टेका. दाब वाढलाय. टेका आधी, मग शिव्या द्या.

मिस्त्री : शिव्या देत नाहीये. विचारतोय, का केलंस? हिने सांगितलं म्हणून?

तंत्रज्ञ : नाही. काकूंचं कारण नाही. तुम्ही मघाशी म्हणालात ना, त्या दुसऱ्याला विचारून बघतो.

मिस्त्री : हो.

तंत्रज्ञ : त्यांना विचारता येणार नाही. ते शनिवारी गेले.

मिस्त्री : कुठे गेले?

तंत्रज्ञ : वारले, काका. शनिवारी सकाळी इकडे यायला निघाले होते. दाराशी बूट घालायला वाकले आणि तिथेच. मुलीचा फोन आला, तेव्हा मी मशीन लावून वाट बघत होते.

मिस्त्री : तरीच.

तंत्रज्ञ : काय?

मिस्त्री : खाट. तो रोज डोक्याकडची बाजू खाली करून जातो. मी येतो, पुटपुटत वर करतो. दोन वर्षं आमचं हेच चाललंय, एकमेकांचं तोंड न बघता. शुक्रवारी आलो तर खाट माझ्या मापाची, आजही तशीच. म्हटलं, बरी अक्कल आली लेकाला.

तंत्रज्ञ : गुरुवारी आले नव्हते ते. भावाकडे जायचं होतं, धाकट्या भावाचं नवं घर. मला विचारलं त्यांनी. मंगळवारी, याच खाटेवर. म्हणाले, एक दिवस चुकला तर चालेल का? आणि मी... त्या दिवशी दोघीजणी रजेवर होत्या, बाहेर चार मशीनं एकदम ओरडत होती. मी दारातूनच म्हटलं, एका दिवसाने काय होतंय, फक्त पाणी बेताने प्या.

मिस्त्री : तू म्हटलंस?

तंत्रज्ञ : मी म्हटलं. अकरा वर्षं हे काम करतेय. मंगळवार ते शनिवार किती दिवस होतात, हे मला बोटांवर मोजायला लागत नाही. चार. सोमवार ते शुक्रवारही चारच. काल काकू फोनवर रडत होत्या आणि मी तेच मोजत होते.

मिस्त्री : डॉक्टरांना सांगितलंस?

तंत्रज्ञ : आज सकाळी. लिहून दिलं. ते म्हणाले, आधीही दोनदा चुकवलं होतं त्यांनी, तेव्हा काही झालं नव्हतं. म्हणजे मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. पुढे काय करायचं ते बघतील.

मिस्त्री : तुला काढतील का?

तंत्रज्ञ : माहीत नाही. ते सोडा. दुसरं एक विचारून आलेय डॉक्टरांना. वाट बघणारे तिघं आहेत, त्यांतलं कुणीतरी गुरुवारपासून सुरू होईल. उद्याचा दिवस रिकामा आहे. उद्या तुम्ही या. आज आणि उद्या, लागोपाठ. मग बुधवारी जा, गुरुवारी परत, शुक्रवारी इथे. मंगळवार ते शुक्रवार तीनच दिवस होतात. तुमचा दर आठवड्याचा शेवट असतो तेवढेच. डॉक्टर हो म्हणाले.

मिस्त्री : हे आल्या आल्या का नाही सांगितलंस?

तंत्रज्ञ : कारण तुम्ही गेलाच नाहीत तर जास्त बरं, असं वाटत होतं. नियमाने सगळं बरोबर आहे, तरी. आता मला बरोबर काय ते पटकन कळेनासं झालंय.

मिस्त्री : नको.

तंत्रज्ञ : काय नको?

मिस्त्री : उद्याचं. माती झाली त्याला दोन दिवस नाही झाले, आणि मी त्याच्या वेळेला, त्याच्या खाटेवर, कशासाठी तर गाणं ऐकायला. त्याची मुलगी कधी समोर आली तर काय सांगू?

तंत्रज्ञ : काही सांगू नका. ती तुम्हाला ओळखत नाही.

मिस्त्री : एक दिवस तरी रिकामा राहू दे.

तंत्रज्ञ : राहू दे. मी सहाला येईन, मशीन धुवेन, तपासेन, आणि चार तास त्याच्याकडे बघत बसेन. त्याने त्यांना काय मिळेल? तुमच्या म्हाताऱ्याने तीन वर्षांपूर्वी ती जागा रिकामी ठेवली असती, तर आज अठरा मिनिटं कुणी वाजवलं असतं?

मिस्त्री : तो वेगळा मुद्दा आहे.

तंत्रज्ञ : असेल. मला फक्त एवढंच कळतं की तुम्ही उद्या आला नाहीत तरी बुधवारी जाणारच आहात. चेहऱ्यावर दिसतंय. मग माझ्या मोजणीत पुन्हा चार येतात. ते मला नाही झेपणार, काका. मी हात जोडत नाही, हातमोजे घातलेत. पण या.

मिस्त्री : डोळे पूस. हातमोज्याने नको, खांद्याने पूस.

तंत्रज्ञ : पुसते.

मिस्त्री : कसा होता तो?

तंत्रज्ञ : शांत. रुमाल तोंडावर टाकून झोपायचे. गाणी वगैरे काही नाही, त्यांना आवाजच आवडायचा नाही. मशीन वाजलं तरी दचकायचे. काय काम करायचे ते मी कधी विचारलं नाही. आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं.

मिस्त्री : उद्या किती वाजता यायचं?

तंत्रज्ञ : सहाला. काहीतरी खाऊन या. उपाशी आलात की दाब पडतो.

मिस्त्री : हिला काय सांगू?

तंत्रज्ञ : मी करते त्यांना फोन. खरं काय ते सगळं सांगते.

मिस्त्री : आणि एवढं करून त्याने ते वाजवलंच नाही तर? सातव्याला दुसरंच काही घेतलं तर?

तंत्रज्ञ : बुधवारची यादी मी बघणार नाहीये. शुक्रवारी तुम्हीच येऊन सांगा.